रूम नंबर नऊची ओटी

आमच्या खात्यात किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. दारावरची पाटी वाचून ते आपल्या पायांनी आत येतात! पाटीवर दोनच अक्षरं आहेत: ओ. टी. म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. गेली चौदा वर्षं या दोन अक्षरांनी मला जेवढं छळलंय, तेवढं सासरच्यांनीही छळलं नाही. आणि सासर माझं बार्शीचं आहे, बरं का!

आज हे सगळं सांगत बसायचं कारण म्हणजे एक पत्र. आमचा दवाखाना ट्रस्टचा, तुळजापूरच्या रस्त्याला. नाव सांगत नाही, नोकरी अजून करायचीय. तर मागच्या महिन्यात मोठ्या सरांच्या सहीचं पत्र माझ्या टेबलावर आलं. मोठे सर म्हणजे आमचे डायरेक्टर. "आपल्या विभागाच्या कामाचे स्वरूप एका पानात लेखी कळवावे. खुलासा समाधानकारक नसल्यास महिनाअखेर रूम नंबर नऊ रिकामी करून द्यावी."

का? तर विश्वस्त मंडळी मीटिंगला येतात, त्यांना बसायला एसीची खोली नाही!

तळपायाची आग मस्तकाला गेली. चौदा वर्षं काय करतेय ते एका पानात लिहू? कागद पुढ्यात घेतला, पेनचं टोपण काढलं, आणि एकेक माणूस डोळ्यांपुढं येऊन उभा राहायला लागला.

*

पहिले आठवले ते हर्नियावाले आजोबा.

सकाळची वेळ. मी टेबलावर प्लास्टिकचे रंगीत शंकू मांडत होते. तेवढ्यात हिरवा गाऊन घातलेले एक आजोबा आत आले, नमस्कार केला, आणि सरळ आमच्या गादीच्या टेबलावर उताणे झोपले. डोळे मिटले. हात छातीवर.

"आजोबा, काय झालं?"

"माय, आदी भूल द्या. मग काय कापायचं ते कापा. सकाळपासून पाण्याचा थेंब न्हाय पोटात."

त्यांचं ऑपरेशन वरच्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरात होतं. त्यालाही ओटीच म्हणतात. कुणीतरी सांगितलं, "ओटीत जा," आणि ते पाटी वाचून बरोब्बर ओटीत आले. त्यांची काय चूक? पण वरून सर्जन साहेबांचा फोन माझ्यावरच! "मॅडम, तुम्ही पेशंट का अडवून ठेवलाय?" मी अडवून ठेवलाय! जसं काय मी दारात जाळं लावून बसते.

आजोबांना उठवलं, म्हटलं, "आजोबा, इथं कापत नाहीत. हातापायातलं बळ गेलेल्या माणसांना आम्ही परत कामं करायला शिकवतो."

आजोबा टेबलावरून उतरले आणि गाऊन सावरत म्हणाले, "मला समदी कामं येत्यात की माय. हर्निया त्याच्यानंच झालाय!"

*

या प्रकारानंतर मीच अर्ज केला, की पाटी मराठीत करा. झाली. ‘व्यवसायोपचार विभाग’. शुद्ध, सरकारी, भारदस्त. मी खूश.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. हात धडधाकट, पाय धडधाकट, बगलेत फाईल. म्हटलं, काय त्रास होतो?

"हायवेला हॉटेल हाय मॅडम. चा, भजी, मिसळ. बायपास झाल्यापासून व्यवसाय पार बसलाय. उपचार सांगा."

मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. व्यवसाय म्हणजे धंदा नाही, रोजची कामं. आंघोळ, जेवण, वेणी घालणं, कडी काढणं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग रिकाम्या खोलीकडं, तीन खुर्च्यांकडं आणि माझ्याकडं एकदा नजर फिरवली.

"म्हंजे मॅडम, तुमचाबी व्यवसाय बसलेलाच दिसायलाय."

त्या आठवड्यात असे चार जण आले. एक तर बारावीचं मार्कशीट घेऊन, नोकरी लावून देता का म्हणून! शेवटी आमचे भगवानमामा उठले. मामा म्हणजे आमच्या विभागाचे एकमेव शिपाई, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. स्टुलावर चढून त्यांनी नवी पाटी काढली आणि जुनी परत लावली.

"ही बरी व्हती मॅडम. हिच्यानं निदान आजारी माणसं तरी येत व्हती."

*

आता काशीबाई.

काशीबाई येरमाळ्याच्या. साठीच्या आसपास, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंड बंद म्हणून नाही. अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडलेला. पाय सुधारला, चालायला लागल्या, पण हात लोंबकळतोय. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, ‘ओटी करून घ्या.’

तर काशीबाई काय घेऊन आल्या असतील? खण. नारळ. सव्वा शेर गहू. हळकुंड, सुपारी, खारीक, सगळं ताटात, वर क्रोशाचा रुमाल! सोबत सून, रेखा. आणि दारात उभ्या राहून मला विचारतात, "देवी कुठं बसवलीया?"

मी आधी हसले. मग असा संताप आला! आमच्याच डॉक्टरांवर. अहो, समोर बाई बसलीय, तुळजापूर इथून हाकेच्या अंतरावर, तिला ‘ओटी’ म्हटल्यावर काय आठवणार? एक वाक्य नीट सांगायला काय जातं? दोन अक्षरं खरडायची आणि "नेक्स्ट"!

ताट टेबलावर ठेवून घेतलं, त्यांना बसवलं, आणि सगळ्यांना विचारते तेच विचारलं. "काशीबाई, या हातानं तुम्हाला काय करायचंय?"

बहुतेक जण म्हणतात, हात चांगला होऊ द्या. काशीबाई म्हणाल्या, "हिला चौथा म्हैना हाय. सातव्यात ओटी भरायची. पयलं नातवंड हाय माझं. डाव्या हातानं ओटी भरत्यात का बाई?"

रेखा खाली बघत म्हणाली, "आत्या, जाऊ द्या की. मामीच्या हातानं भरू."

"तुझी मामी काय तुझी सासू हाय?"

झालं. माझा कागद तिथंच तयार झाला. मुदत तीन महिने. काम: दोन्ही हातांची ओंजळ, गहू सांडू न देता, वर नारळ.

मी प्लास्टिकचे शंकू कपाटात टाकले आणि त्यांचं ताट ठेवून घेतलं.

*

शंकूंचं सांगते. ते कुणाला आवडत नाहीत, हे माझ्या डोक्यात घातलं एका धनगर बाबांनी.

मनगटाचं हाड मोडून जुळलेलं, बोटं आखडलेली. मी त्यांना शंकू एकावर एक रचायला दिले. त्यांनी दोन रचले, तिसरा हातात धरून माझ्याकडं बघत राहिले.

"पोरी, म्या काय अंगणवाडीत हाय व्हय?"

मग विचारलं, बाबा, घरी काय अडतंय? "शेळ्या. सकाळी पाच शेळ्यांची धार काढायची ऱ्हाती. सुनंच्या हाताला पान्हा सोडत न्हाईत."

आता दवाखान्यात शेळी कुठून आणू? मी रबरी हातमोजा घेतला, पाणी भरलं, बोटांना सुईनं भोकं पाडली आणि स्टँडला टांगला. बाबा खाली उकिडवे बसले, आणि पहिल्यांदा हसले. रोज दोन मोजे पिळायचे. पंधरा दिवसांत मूठ वळायला लागली.

आणि मला काय मिळालं? मेमो! ‘हातमोज्यांचा अवाजवी वापर.’ मी उत्तर लिहिलं, पेशंटची धार काढण्यासाठी वापरले. त्यावर मोठे सर स्वतः राऊंडला आले. नेमके बाबा धार काढत होते.

"हे काय चाललंय? हा दवाखाना आहे का गोठा?"

बाबांनी मागं न बघता सांगितलं, "सायेब, दमानं बोला. बुजली की दूद चोरती."

*

आमच्या कामातला सगळ्यात मोठा शत्रू कोण, माहितीय? प्रेम! खोटं वाटेल, पण नातेवाईकांच्या प्रेमानं जेवढे हात निकामी होतात, तेवढे आजारानं होत नाहीत.

काशीबाईंचे मालक, दत्तूभाऊ. माणूस सोन्यासारखा. बायकोचा हात गेल्यापासून तिला घास भरवतायत, पाणी पाजतायत, चपलासुद्धा पायात घालतायत. इथंही तेच. काशीबाई गव्हात हात घालणार, तोवर यांनी ओंजळ भरून दिलेली!

"दत्तूभाऊ, राहू द्या. त्यांचं त्यांना करू द्या."

"मॅडम, तिला तरास हुतोय."

"होऊ द्या."

"तुमी लई कडक हाव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांना खोलीबाहेर बाकावर बसवलं. दारातून डोकावायला लागले, तर भगवानमामांना दारात उभं केलं. हे एकच वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते, त्यांचं त्यांना करू द्या. मामांना ते इतकं पाठ झालंय, की नातेवाईक पुढं सरकला की मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणतात.

पण काशीबाई माझ्यावर रागावल्या, ते मला लागलं. गहू बोटांतून सांडत होते, नारळ दोनदा पायावर पडला. कपाळावर घाम. डोळ्यांत पाणी. "कसायाचं काळीज हाय बाई तुमचं. चाळीस वर्सं त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या म्या. आता चार दीस ते करायलेत, तर तुमच्या पोटात का दुखायलंय?"

मी म्हटलं, "काशीबाई, मग रेखाची ओटी दत्तूभाऊंच्या हातानं भरायची का?"

त्यांनी पदर ओढला. नाक पुसलं. नाक पुसलं ते उजव्या हातानं. त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मी गव्हाचं ताट पुढं सरकवलं.

*

त्याच दुपारी केबिनमधून निरोप, मोठ्या सरांकडं एक विश्वस्त आलेत, लगेच या. वाटलं, पुन्हा एखादा मेमो असणार. पदर सावरला, मनात सगळे मुद्दे जुळवले, गेले.

विश्वस्त खुर्चीत मान वाकडी करून बसलेले. सर म्हणाले, "मॅडम, साहेबांची मान जरा चोळून द्या. तुमचंच काम आहे ना ते?"

चार वर्षांची डिग्री! वर इंटर्नशिप! मी म्हटलं, "सर, माझं काम ते नाही. साहेबांना मान वळवून शर्टाची कॉलर नीट करता येत नसेल, तर उद्या दहा वाजता रूम नंबर नऊमध्ये पाठवा. लायनीत बसावं लागेल."

विश्वस्तांनी लगेच मान वळवून माझ्याकडं बघितलं. पूर्ण वळली!

*

फिजिओवाल्यांशी आमची तुलना तर रोजचीच. "ते तर चालवतात, मग तुमचा काय उपयोग?" अहो, ते दारापर्यंत चालवतात. दाराची कडी कोण काढणार?

लोहाऱ्याचे एक अण्णा होते. चालायला लागले, पण संडासात बसलं की उठता येईना. मुलाला हाक मारायची लाज वाटायची म्हणून जेवणच कमी केलं. हाडं दिसायला लागली. घरच्यांना वाटलं, अन्नावरची वासना उडाली! डॉक्टर टॉनिक देतायत. कुणी विचारलंच नाही, की का जेवत नाही.

मी जीपनं लोहाऱ्याला गेले. घर बघितलं. मुलाला सांगितलं, "संडासात भिंतीला एक दांडी लावा, अण्णांना बसल्या जागी धरता येईल अशी." मुलगा म्हणाला, उद्याच लावतो.

महिन्यानं पुन्हा गेले. दांडी होती, चकाचक स्टीलची. पण छातीएवढ्या उंचीवर, आणि तिच्यावर ओळीनं चार टॉवेल.

"अण्णा दांडी धरतात का?"

"न्हाय मॅडम. दांडीवर टावेल असत्यात, मग आमीच अण्णाला धरतो."

मी तिथंच पान्हा मागवला आणि ती दांडी खाली घेतल्याशिवाय चहा घेतला नाही. त्या दिवशी शेवटची जीप चुकली आणि एसटीत उभं राहून आले. घरी आल्यावर नवऱ्यावर उगाच ओरडले. पण अण्णा पुन्हा दोन भाकरी खायला लागले, हे सांगायचं राहू नये.

*

तर पत्र. महिना संपत आला तरी माझ्या पानावर फक्त ‘विषय’ आणि ‘संदर्भ’. काय लिहू? शेळीची धार लिहू? टॉवेलची दांडी लिहू? सरांना पाहिजेत मोठे शब्द, आणि माझ्याकडं आहेत गहू, नारळ, वेणी, कडी.

मामा म्हणाले, "मॅडम, लिवा की कायतरी. खोली गेली तर काशीबाईला कुठं बसवायचं? व्हरांड्यात?"

त्यानंच तर माझी झोप उडाली होती. काशीबाईंची ओंजळ जुळत आली होती, पण मध्येच अंगठा दगा द्यायचा. गहू राहायचे, नारळ निसटायचा. आणि सातवा महिना लागलेला. घरी शुक्रवारचा कार्यक्रम ठरला होता, भावकीतल्या सगळ्या बायका येणार.

गुरुवारी सकाळी काशीबाई आल्या. नवीन इरकली लुगडं नेसून. सोबत रेखा, हातात हिरवा चुडा. मागं दत्तूभाऊ, आणि त्यांच्या हातात तेच ताट, क्रोशाच्या रुमालासकट.

"बाई, उद्या घरी लई बाया असणार. धा जणी धा बाजूंनी हात लावाया येतील, ‘राहू द्या, आमी भरतो’ म्हणत. म्या मनाशी ठरवलंय. पयली ओटी हितंच भरते. मग उद्या कुणीबी येऊ दे."

मामांनी गादीच्या टेबलावर स्वच्छ चादर घातली. रेखा पूर्वेकडं तोंड करून बसली, पदर पसरला. दत्तूभाऊ नेहमीच्या सवयीनं बाहेर बाकाकडं निघाले, तर काशीबाई म्हणाल्या, "कुठं चाललाव? हितं उभं ऱ्हावा. पर हात लावू नका."

उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. रेखाच्या कपाळावर टेकवलं, जरा वाकडं लागलं. दोन्ही हात गव्हात गेले.  ओंजळ वर आली. उजवीकडं कलत होती. दत्तूभाऊंचे हात आपोआप पुढं आले आणि त्यांनी ते आपल्याच पाठीमागं धरले.

चार दाणे सांडले. बाकीचे सगळे रेखाच्या पदरात.

आता नारळ.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. मोठे सर! मागं मानवाले विश्वस्त, आणि त्यांच्या मागं मेजर टेप घेतलेला एक माणूस. सोफ्याचं माप घ्यायला आले होते. सरांनी फरशीवरचे गहू बघितले, हळदीकुंकू बघितलं, टेबलावर पदर पसरून बसलेली रेखा बघितली. चेहरा लालबुंद.

"मॅडम! काय चाललंय काय इथं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भगवानमामा म्हणाले, "ओटी चाललीय सायेब. पाटीवर लिव्हलंय की."

काशीबाईंनी नारळ दोन्ही हातांत धरला होता. अंगठा बसला होता. त्यांनी मान वळवली नाही.

"सायेब, चपला भाईर काढा."

 मग विश्वस्तांनी गुपचूप चपला काढल्या. मेजर टेपवाल्यानं काढल्या. राहिले सर. सरांचे बूट लेसचे. सर एका हातानं दाराची चौकट धरून खाली वाकले. पोट आडवं येत होतं, गाठ सुटेना. मामांना राहवेना, ते मदतीला पुढं सरकले.

मी म्हटलं, "राहू द्या मामा. त्यांचं त्यांना करू द्या."